रेसच्या ट्रकला मुरूम वर्ज्य नाही

रेडिओ-कंट्रोल गाड्यांच्या छंदात नव्याने येणाऱ्या माणसाला जाणती मंडळी एक सल्ला हमखास देतात. रेससाठी बनवलेला ट्रक घेऊ नकोस, तो ट्रॅकवरच शोभतो; माळावर, दगडगोट्यांत, शेताच्या बांधावर धुडगूस घालायचा असेल तर खास बॅशिंगसाठी बनवलेला, खोक्यातून काढला की पळणारा ट्रक घे. सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की त्याची उलटतपासणी कुणी करत नाही. दुकानदार तेच सांगतो, क्लबातले जुने सभासद तेच सांगतात, आणि ज्याने रेसचा ट्रक हातातही धरलेला नाही तोसुद्धा तेच सांगतो. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. त्याने नव्या माणसाचे पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याची यंत्राशी ओळखच होत नाही. म्हणून हा प्रतिवाद.

आधी कोणत्या ट्रकबद्दल बोलतोय ते सांगतो. १:८ मापाची शर्यतीची बग्गी लांब-रुंद करून तिच्यावर मोठी चाकं चढवली की जो ट्रक होतो त्याला छंदात ट्रगी म्हणतात. चारही चाकांना जोर, पुढे-मागे आणि मध्ये मिळून तीन डिफरन्शियल (थोडक्यात डिफ), ॲल्युमिनियमची चेसिस, जाडजूड शॉक. ‘रेस-ब्रेड’ असं खोक्यावर छापलेला कुठलाही ट्रक माझ्या डोळ्यांसमोर नाही. शर्यतीत खरोखर उतरणारे ट्रक ज्या आराखड्यावर बनतात तोच आराखडा असलेला ट्रक आहे. बॅशिंग म्हणजे ट्रॅक नसलेल्या जागी ट्रक मनसोक्त पिटाळणं. आपल्याकडे त्याचा अर्थ होतो मुरूम, खडी, नांगरलेलं शेत, कोरडं नदीपात्र, बंद पडलेली दगडखाण.

विरोधी पक्षाचा पहिला मुद्दा नाजूकपणाचा. रेसचा ट्रक हलका, म्हणून नाजूक. हे म्हणणारे ट्रॅक म्हणजे बागेतली पायवाट समजतात. १:८ मापाच्या ऑफ-रोड जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत पूर्ण एक तास चालते, आणि तीही इंधनावरच्या गाड्यांची. मध्ये थांबायचं ते इंधन भरण्यापुरतं. ती स्पर्धा बग्गीची असते, पण ट्रगीच्या पोटात बहुतेक वेळा त्याच बग्गीचे गिअरबॉक्स, डिफ आणि चाकांना जोर पोचवणारे दांडे बसवलेले असतात. त्या तासाभरात गाडी प्रत्येक फेरीला अनेक उड्या मारते, वळणावळणावर पडलेल्या चाकोऱ्यांतून आपटत जाते, दुसऱ्या गाड्यांवर आदळते, उलटते, मार्शल तिला सरळ करतो आणि ती पुन्हा सुटते. तासाच्या पंचावन्नाव्या मिनिटाला एक पिन तुटली तर सगळी मेहनत वाया. शर्यतीची गाडी बनवणाऱ्याला ‘तुटलं तर बदलू’ म्हणायची सोय नसते. जे तुटतं ते पुढच्या आवृत्तीत सुधारलं जातं, आणि जिथे विनाकारण वजन आहे तिथलं ते उतरवलं जातं. हलकेपणा हा अशा छाटणीतून आलेला आहे. त्याला कमकुवतपणा म्हणणं हा निरीक्षणाचा दोष आहे.

वजनाचा हिशेब तर साधा, शाळेतला आहे. तीन मीटर उंचीवरून पडलेला ट्रक जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी साधारण २८ किलोमीटर असतो. ट्रक चार किलोचा असो की आठ किलोचा, वेग तोच. पण त्या वेगातली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते. बॅटरीसकट चार किलोच्या आसपास भरणाऱ्या ट्रगीला त्या पडण्यात सुमारे १२० ज्यूल जिरवावे लागतात. ट्रॅक्सासचा एक्स-मॅक्स हा नावाजलेला बॅशर साडेआठ किलोच्या वर भरतो. त्याच उंचीवरून त्याला अडीचशे ज्यूल जिरवावे लागतात. मग चाकांना धरून ठेवणारे आर्म जाड करावे लागतात, दांडे जाड करावे लागतात, ते ओढायला मोठी मोटर लागते, मोटरला मोठी बॅटरी लागते, आणि या सगळ्याने ट्रक आणखी जड होतो. एक्स-मॅक्स वाईट ट्रक आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या मापात तो उत्तम आहे. पण त्याचा जाडपणा पाहून ‘हा भक्कम आणि तो नाजूक’ असा निकाल देणाऱ्याने वजनकाटा पाहिलेला नसतो.

आर्म मोडतो, हे मात्र खरं. रेसच्या ट्रकचे आर्म काच मिसळलेल्या कडक नायलॉनचे असतात, कारण चाकाचा कोन भर वेगात हलू नये. बॅशरचे आर्म लवचीक प्लास्टिकचे असतात, वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. दगडाला चाक थेट धडकलं तर कडक आर्म मोडण्याची शक्यता जास्त. पण पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही: न मोडणारा आर्म तो धक्का कुठे पाठवतो? आर्म ज्या खिळीवर फिरतो त्या खिळीकडे, खिळी ज्या गिअरबॉक्सच्या घरात अडकवलेली त्या घराकडे, तिथून शॉक ज्याला अडकवतात त्या शॉक टॉवरकडे. आर्म ही स्वस्तातली, चटकन बदलण्याजोगी वस्तू आहे. गिअरबॉक्सचं घर नाही. एवढं ऐकूनही ज्याला मोडका आर्म सहनच होत नाही त्याच्यासाठी आरपीएमसारख्या कंपन्या अनेक ट्रकांसाठी लवचीक नायलॉनचे आर्म करतात. रेसच्या ट्रकवर लवचीक आर्म बसवला म्हणून तो बाटत नाही.

एक गोष्ट मी प्रतिपक्षाला पूर्णपणे देऊन टाकतो: उंच उडी. छपरावरून, स्केटपार्कच्या भिंतीवरून, बांधकामाच्या ढिगाऱ्यावरून सपाट काँक्रीटवर ट्रक फेकायचा असेल तर रेसचा ट्रक घेऊ नका. ट्रॅकवरची उडी उतारावर उतरते. ट्रक ज्या कोनात खाली येतो जवळपास त्याच कोनात जमीनही उतरत जाते, म्हणून वेगाचा मोठा भाग पुढे धावण्यातच राहतो आणि चेसिसला थोडाच झटका बसतो. सपाट काँक्रीटवर तशी सवलत नाही. तीन मीटरची उडी सस्पेन्शनने दहा सेंटीमीटरांत थांबवली, तर ट्रकच्या प्रत्येक भागावर त्याच्या वजनाच्या तिसेक पट भार येतो. रेसच्या ट्रकची चेसिस बहुधा ७०७५ या मिश्रधातूची असते. नेहमीच्या ६०६१ पेक्षा ती कायमची वाकायला पावणेदोन पट ताकद लागते, पण ती पातळ असते, वजन वाचवायला जागोजाग कोरलेली असते, आणि असल्या झटक्यांनी शेवटी मधोमध वाकते. कार्बन फायबरचा शॉक टॉवर असेल तर त्याचे थर सुटतात. हे सगळं मान्य.

मान्य नाही ते पुढचं. गेल्या काही वर्षांत व्हिडिओंमुळे बॅशिंग म्हणजे उंच उडी असं समीकरण होऊन बसलंय. दहा मीटर वर गेलेला ट्रक पडद्यावर छान दिसतो, पण महाराष्ट्रातल्या गावाबाहेरच्या माळावर रविवारी सकाळी ट्रक पळवणारा माणूस दहा मीटर उडी मारत नाही. तो खडबडीत जमिनीवरून सुसाट जाऊ पाहतो. त्याची अडचण वेगळी असते: मुरमाच्या वाटेवर चाकं जमिनीवर टिकत नाहीत, ट्रक उड्या मारत आडवा होतो, ढेकळांतून जाताना नाक खुपसतो, आणि अर्ध्या तासाने शॉकमधलं तेल तापून पातळ झालं की सगळाच खुळखुळा होतो. या चारही रोगांवरचं औषध रेसच्या ट्रकमध्ये आहे. त्याचं सस्पेन्शन जमीन धरून ठेवण्यासाठीच घडवलेलं असतं. शॉकमध्ये तेल भरपूर मावतं, म्हणून ते सावकाश तापतं. पिस्टनची भोकं, तेलाचा दाटपणा, स्प्रिंग, शॉक बसवायची जागा, सगळं बदलता येतं. ट्रगी रुंद आणि बुटकी असल्यामुळे वळणावर सहजी उलटतही नाही. उंच मॉन्स्टर ट्रक त्याच वळणावर दोन चाकांवर जातो आणि कोलांटी खातो. मधला डिफ तर खडबडीत जमिनीवरचा मोठा आधार. एखादं चाक हवेत जाऊन गरगरलं आणि अचानक जमिनीला टेकलं की त्याचा हिसका दातांवर न येता मधल्या डिफच्या तेलात जिरतो.

आणि हे गुण बॅशिंगच्या चांगल्या ट्रकांतही दिसतात, असं कुणी म्हणेल. दिसतातच. पण ते आले कुठून? आर्मा कंपनीच्या क्रेटन सिक्स-एस या बॅशरचा सांगाडा पाहा: तीन डिफ, ॲल्युमिनियमची चेसिस, सोळा मिलिमीटरचे शॉक, सतरा मिलिमीटरचे षटकोनी हब. ट्रगीची सगळी लक्षणं. टेक्नो आरसी या अमेरिकी कंपनीने तर आपल्या शर्यतीच्या गाड्यांच्याच पायावर एमटी ४१० हा मॉन्स्टर ट्रक उभा केला. म्हणजे ज्या कंपन्यांना दोन्ही प्रकार कळतात त्यांनी बॅशिंगचा ट्रक बनवताना रेसचा वारसा घेतला. बॅशर घ्या म्हणणारे नकळत त्याच वारशाची शिफारस करत असतात.

रेस आणि बॅशिंग यांच्यामध्ये जी भिंत मानली जाते तिच्या बाजूने इतिहासही साक्ष देत नाही. टीम असोसिएटेडची आरसी १० ही सोनेरी ॲल्युमिनियमच्या चेसिसची बग्गी १९८४ साली आली आणि दुसऱ्याच वर्षी दोन चाकांच्या जोराच्या गटात जागतिक अजिंक्यपद जिंकून गेली. निखळ शर्यतीची गाडी. पण त्या पिढीतल्या कित्येक मुलांनी ती घरामागच्या रिकाम्या जागेतच पळवली, पाडली, दुरुस्त केली. उलट दिशेचा दाखला २००८ सालचा. ट्रॅक्सासचा स्लॅश आला तो परसातल्या मौजेचा ट्रक म्हणून, आणि त्याच्यामागे शॉर्ट कोर्स नावाचा शर्यतीचा अख्खा गट उभा राहिला. ज्या भिंतीतून दोन्ही बाजूंनी इतकी ये-जा झाली ती भिंत नव्या माणसासमोर पक्की म्हणून उभी करणं बरोबर नाही.

आता देखभालीचा मुद्दा, कारण खरा वाद तिथे आहे. रेसचा ट्रक सारखा खोलावा लागतो, म्हणतात. खोलावा लागतो हे खरंच. आणि तो खोलता येतो हा त्याचा मोठेपणा. मुरमावर तासभर पळवलेला कोणताही ट्रक घरी आणा, रेसचा किंवा बॅशिंगचा. पिवळट बारीक भुकटी बेअरिंगच्या कडेने, डिफच्या तोंडाशी, आर्मच्या खिळीभोवती बसलेली असते. ती दोघांनाही सारखीच खाते. फरक इतकाच, की एकाचा मालक ती पाहतो आणि दुसऱ्याचा मालक ‘याला काही करावं लागत नाही’ असं ऐकून आलेला असतो.

माझ्या एका मित्राने असाच, काही करावं न लागणारा ट्रक घेतला होता. मोसम संपता संपता मागून करकर आवाज यायला लागला. आम्ही ओट्यावर वर्तमानपत्र पसरून डिफ बाहेर काढला. तेल राखाडी झालेलं, त्यात चंदेरी चुरा तरंगत होता. पिनियनचे, म्हणजे लहान गिअरचे, दात फक्त टोकाशी चकाकत होते. बाकीचा दात कोरा. म्हणजे मोठा गिअर आणि पिनियन यांची पकड पहिल्यापासूनच सैल होती, आणि जोर आला की प्लास्टिकचं घर जरासं ताणून दात एकमेकांवरून घसरत होते. त्या सैलपणावर उपाय म्हणजे ०.१ किंवा ०.२ मिलिमीटर जाडीच्या शिम, पैशाएवढ्या गोल चकत्या. त्या बेअरिंगमागे घालायच्या, डिफ बसवायचा, बोटाने फिरवून पाहायचा: अडखळत नाही आणि खुळखुळतही नाही, अशा ठिकाणी थांबायचं. रेसचा ट्रक किट म्हणून घेणारा माणूस हे ट्रक जोडतानाच शिकतो, कारण शिम खोक्यात येतात आणि त्या कुठे घालायच्या ते पुस्तिकेत दाखवलेलं असतं. माझ्या मित्राला कुणी सांगितलंच नव्हतं की आत डिफ नावाची वस्तू आहे आणि तिच्यात तेल असतं. त्याचं नुकसान ट्रकने केलं नाही, सल्ल्याने केलं.

हे मला मनापासून खुपतं. या छंदाचं मोल ट्रक किती उंच उडाला यात नाही. बारा-चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हाताने डिफ भरावा, पुढे पाच हजारचं तेल (आकडा दाटपणाचा), मध्ये सात हजारचं, मागे तीन हजारचं. मग बाहेर जाऊन बघावं की ट्रक वळणात कसा वागतो, आणि परत येऊन मधलं तेल बदलावं. जमीन, यंत्र आणि हात यांचं नातं याहून लवकर कुठे कळतं ते मला माहीत नाही. ‘यात हात घालावा लागत नाही’ हा जर आपल्याला विक्रीचा गुण वाटत असेल, तर आपण मुलांना महागडं खेळणं देतोय, छंद देत नाही.

खर्चाचं काय? इथे प्रतिपक्षाचा एक मुद्दा वजनदार आहे. लोकप्रिय बॅशरचे सुटे भाग देशात बऱ्यापैकी मिळतात. रेसच्या ट्रकचे अनेकदा बाहेरून मागवावे लागतात. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. त्याची झळ या छंदालाही बसली. म्हणून माझं सांगणं असं की घेण्याआधी भागांची चौकशी करा, आणि ज्याचे आर्म नि गिअर मिळत नाहीत तो ट्रक कितीही नामांकित असला तरी सोडून द्या. पण सगळंच परदेशातून येतं हेही खोटं. १:८ मापाच्या ट्रकमधलं सर्रास वापरलं जाणारं बेअरिंग ८ × १६ × ५ मिलिमीटरचं असतं. बेअरिंगच्या दुकानात ६८८ नंबर सांगितला की ते मिळतं. एम-३, एम-४चे ॲलन बोल्ट हार्डवेअरवाल्याकडे असतात. चाकांचं तर सोपंच: सतरा मिलिमीटरचं षटकोनी हब रेस आणि बॅशिंग दोन्हीकडे चालतं, त्यामुळे तेच हब असलेल्या बॅशरची चाकं जशीच्या तशी ट्रगीवर चढतात. शिवाय रेसिंगवाले नवी आवृत्ती आली की जुना ट्रक विकायला काढतात. नीट वापरलेला, वेळच्या वेळी खोललेला तो ट्रक नव्या बॅशरपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतो.

बदल करावे लागतात, ते सांगायला मला कमीपणा वाटत नाही. रेसचे मऊ टायर मुरमावर बघता बघता झिजतात. ते काढून ठेवा आणि कडक रबराचे, मोठ्या गुट्ट्यांचे चढवा. शर्यतीची पॉलिकार्बोनेटची बॉडी मिलिमीटरभरही जाड नसते, ती फाटणारच. जाड बॉडी घ्या, किंवा आतून जाळी चिकटवा. ट्रक जमिनीला घासतो ही तक्रार खरी आहे, पण शॉकवरचं कडं फिरवून तो थोडा उचलता येतो, आणि मोठ्या टायरने आणखी थोडा उचलला जातो. डावं-उजवं चाक एकमेकांना बांधणारा अँटी-रोल बार खडबडीत जमिनीवर काढूनच टाका, म्हणजे प्रत्येक चाक आपापला दगड स्वतंत्रपणे चढेल. मोटरवरचा पिनियन एक-दोन दातांनी लहान करा. विदर्भातल्या उन्हाळ्यात मोटर आधीच तापलेली असते, ८० अंशांच्या वर ती जाऊ देऊ नका. बोल्ट सुटू नयेत म्हणून प्रत्येक धातूच्या जोडाला थ्रेडलॉक लावा.

पावसाळ्यात मात्र थांबा. रेससाठी घेतलेला ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि सेन्सरवाली मोटर बहुधा पाण्यासाठी बनवलेली नसते, आणि याबाबतीत जलरोधक बॅशर सरस आहेच. तरी काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रक पळवणाऱ्यांना माहीत आहे की चिखल चाकांना चिकटून चाकाचाच गोळा होतो. तिथे कुठलाच ट्रक दहा मिनिटांवर टिकत नाही. समुद्रकिनाऱ्याचंही तेच. खारी वाळू कंपनी पाहत नाही, बेअरिंग आणि पिना सगळ्यांच्याच गंजवते.

तेव्हा सल्ला देणाऱ्यांना माझी विनंती आहे. समोरच्याला आधी विचारा की तो ट्रक कुठे पळवणार आहे. छपरावरून उड्या मारायच्या असतील तर खुशाल जड बॅशर सुचवा. जमिनीवरून पळवायचा असेल तर त्याला रेसच्या ट्रकपासून परावृत्त करू नका. डिफ उघडायला शिकवा. आणि ज्यांच्याकडे शर्यत सोडल्यापासून एखादी ट्रगी कपाटावर पडून आहे त्यांनी ती खाली काढावी. टायर बदलावे, अँटी-रोल बार काढावेत, डिफचं तेल ताजं भरावं, आणि ज्याची जमीन आहे त्याला विचारून ती मुरमावर सोडावी. जाताना पिशवीत पुढचे दोन आणि मागचे दोन आर्म असू द्या. मोडलाच तर एक आर्म अर्ध्या तासाच्या आत बदलून होतो.